कंबोडिया : १०२ आरोग्यशाळा आणि ३७ डॉलरचे तिकीट

बौद्ध राष्ट्रे म्हटली की आपल्या समाजातील माणसाला श्रीलंका, ब्रह्मदेश, थायलंड आणि जपान ही नावे चटकन आठवतात. कंबोडियाचे नाव त्यामानाने मागे पडते. वास्तविक २०१९ च्या जनगणनेनुसार या देशातील शंभरातील सत्त्याण्णव माणसे बौद्ध आहेत. सगळ्या देशाची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास, म्हणजे मुंबई आणि तिच्या उपनगरांएवढीही नाही. राष्ट्रध्वजावर अंगकोर वाटच्या मंदिराचे चित्र आहे आणि देशाच्या पोटापाण्याचा मोठा भाग त्याच चित्रावर चालतो. भातशेती, कपडे शिवण्याचे कारखाने, बांधकाम आणि पर्यटन या चार खांबांवर हा देश उभा आहे. २०१९ साली देशाच्या एकूण उत्पन्नातील सुमारे १२ टक्के वाटा एकट्या पर्यटनाचा होता.

२०२४ च्या डिसेंबर महिन्यात आमच्या विहारातील उपासक-उपासिकांच्या गटाबरोबर पाच दिवस या देशात जाण्याची संधी मिळाली. मुंबईहून बँकॉक आणि तेथून सिएम रीप, असा आमचा प्रवास झाला. जे पाहिले ते भव्य आहे यात शंका नाही. परंतु कारकुनी करणाऱ्या माणसाला आकडे दिसले की जमाखर्च मांडल्याशिवाय चैन पडत नाही. या देशाचे पर्यटन पुढे किती वाढेल, हा प्रश्न अर्थतज्ज्ञ डॉलरमध्ये सोडवतात. तोच प्रश्न आपण कष्टकऱ्याच्या बाजूने सोडवून पाहू. वाढ झाली, तर ती कोणाच्या घरी गेली?

दगडावर कोरलेली खातेवही

अंगकोर ही ख्मेर राजांची जुनी राजधानी. नवव्या शतकापासून पंधराव्या शतकापर्यंत येथून राज्यकारभार चालला. आजच्या सिएम रीप शहराच्या उत्तरेला सुमारे ४०० चौरस किलोमीटरच्या संरक्षित परिसरात तिचे अवशेष पसरलेले आहेत. त्यातील सर्वांत प्रसिद्ध अंगकोर वाट हे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यवर्मन दुसरा या राजाने विष्णूसाठी बांधले. पुढे ते बौद्धांचे पूजास्थान झाले आणि आजही आहे. भिंतींवर समुद्रमंथन आणि कुरुक्षेत्राचे युद्ध कोरलेले, आणि त्याच वास्तूत भिक्खू बसलेले, असे दृश्य तेथे दिसते.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा राजा मात्र दुसरा. त्याचे नाव जयवर्मन सातवा. इ.स. ११७७ मध्ये शेजारच्या चाम लोकांनी अंगकोर लुटले. त्या पडझडीनंतर ११८१ मध्ये जयवर्मन गादीवर आला. तो महायान बौद्ध होता. चारही दिशांना शांत चेहरे असलेल्या मनोऱ्यांचे बायोन मंदिर त्याचेच. अनेक अभ्यासक त्या चेहऱ्यांत बोधिसत्त्व लोकेश्वर पाहतात. आम्हांला त्या चेहऱ्यांपेक्षा खालच्या भिंती अधिक बोलक्या वाटल्या. तेथे बाजार मांडलेल्या बायका आहेत, चुलीवर शिजणारे अन्न आहे, कोंबड्यांची झुंज आहे आणि बाळंत होणारी स्त्रीही आहे. राजाच्या मंदिराच्या भिंतीवर रयतेच्या रोजच्या जगण्याला जागा मिळालेली आहे. १२९६ साली चीनहून आलेल्या जोऊ दागुआन या प्रवाशाने येथील बाजाराचा व्यवहार बायकाच सांभाळतात असे लिहून ठेवले. आजही सिएम रीपच्या बाजारात फिरताना ते खरे वाटते.

जयवर्मनने ११८६ मध्ये आईच्या स्मरणार्थ ता प्रोम आणि ११९१ मध्ये वडिलांच्या स्मरणार्थ प्रेआ खान बांधले. ता प्रोमच्या शिलालेखात राज्यातील १०२ आरोग्यशाळांची नोंद आहे. प्रेआ खानच्या शिलालेखात वाटेवरच्या १२१ विश्रामगृहांची नोंद आहे. आरोग्यशाळांचे स्वतंत्र शिलालेखही सापडले आहेत. त्यांत भैषज्यगुरू बुद्धाला वंदन आहे, वैद्य आणि नोकरांची संख्या आहे, राजाच्या कोठारातून द्यायच्या मध, तीळ, कापूर यांसारख्या वस्तूंची यादी आहे. प्रजेचे दुखणे राजाला स्वतःच्या दुखण्याहून अधिक सलते, अशा अर्थाचा मजकूर आहे. आणि चारही वर्णांच्या माणसांवर येथे उपचार व्हावेत, असेही कोरलेले आहे.

हे वाचून आपले मन भरून येणे स्वाभाविक आहे. ज्या वर्णव्यवस्थेने आपल्या पूर्वजांना पाणवठ्याला शिवू दिले नाही, तिच्या चारही पायऱ्यांना एकाच इस्पितळाचे दार उघडे करण्याची आज्ञा एका बौद्ध राजाने आठशे वर्षांपूर्वी दगडावर कोरली. चार वर्णांच्या बाहेर ठेवलेल्यांचे काय, हा प्रश्न आपल्याला पडतोच, आणि पडलाही पाहिजे. तसेच हेही विसरता कामा नये, की एकट्या ता प्रोमच्या सेवेसाठी ३,१४० गावे लावून दिल्याची नोंद त्याच शिलालेखात आहे. राजाची करुणा रयतेच्या घामावरच उभी होती. तरीही त्या घामातील काही वाटा औषध होऊन रयतेकडे परत जात होता, हे जमाखर्चात लिहावेच लागेल.

या आरोग्यशाळा लाकडाच्या होत्या. त्या केव्हाच नष्ट झाल्या. त्यांच्याजवळची दगडी प्रार्थनागृहे तेवढी काही ठिकाणी उरली आहेत. त्यांतले एक ता केओ मंदिराजवळ रस्त्याच्या कडेलाच आहे. आम्ही तेथे अर्धा तास होतो. तेवढ्या वेळात पर्यटकांच्या कितीतरी बस समोरून गेल्या, एकही थांबली नाही.

राजाच्या मृत्यूनंतर, तेराव्या शतकात, अंगकोरमधील असंख्य बुद्धप्रतिमा छिन्नीने खरवडून काढण्यात आल्या. शैव राजाच्या काळात हे घडले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. २००१ मध्ये बान्तेय क्देई येथे उत्खनन करताना जमिनीत पुरलेल्या २७४ बौद्ध मूर्ती सापडल्या. मूर्ती पुरता आल्या, धम्म मात्र पुरता आला नाही. पुढच्या काळात थेरवाद गावोगावी पोहोचला आणि सामान्य माणसाचा धम्म झाला. आज अंगकोर वाटमधील भिक्खू त्रिसरण-पंचशील म्हणतात ते आपल्याच पाली भाषेत. उच्चार वेगळे, चाल वेगळी, पण तिसऱ्या शब्दाला आमच्या गटातील आजीबाईंचेही ओठ हलू लागले. दुभाष्याची गरज पडली नाही.

राखेतून उठलेला देश

कंबोडियाच्या पर्यटनाची वाढ समजून घ्यायची, तर आधी तेथील विनाश समजून घेतला पाहिजे. १७ एप्रिल १९७५ रोजी पोल पॉटच्या ख्मेर रूज पक्षाने राजधानी नॉम पेन्ह ताब्यात घेतली आणि सगळे शहर रिकामे करून माणसांना शेतात राबायला हाकलले. चलनी नोटा रद्द केल्या. शाळा बंद केल्या. भिक्खूंची चीवरे उतरवली, अनेकांना ठार मारले, विहारांची कोठारे आणि तुरुंग केले. ७ जानेवारी १९७९ रोजी ही राजवट कोसळली. तोपर्यंत भूक, रोग, अतिश्रम आणि कत्तल यांनी सुमारे १७ लाख माणसे गेली, असा अंदाज सर्वसाधारणपणे मानला जातो. नॉम पेन्हमधील तुओल स्लेंग ही मुळात शाळा होती. तिचा छळतुरुंग झाला होता. आज ते संग्रहालय आहे आणि २०२५ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

त्या राखेतून धम्म उभा करणाऱ्यांत भन्ते महाघोसानंद यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे शिक्षण आपल्या भारतात, नालंदा येथे झाले होते. १९९२ पासून त्यांनी सुरुंग पेरलेल्या भागांतून शांततेसाठी धम्मयात्रा काढल्या. पायी चालणारे भिक्खू, भिक्खुणी आणि उपासक पाहून युद्धाने थिजलेल्या गावांतील माणसे घराबाहेर येऊ लागली.

भारताचाही येथे वाटा आहे. देश एकाकी पडलेला असताना १९८६ ते १९९३ या काळात आपल्या पुरातत्त्व खात्याच्या पथकांनी अंगकोर वाटची डागडुजी केली. पुढे झाडांच्या मुळांनी वेढलेल्या ता प्रोमचे कामही भारताने हाती घेतले. १९९२ मध्ये अंगकोर जागतिक वारसा झाले, तेव्हा ते धोक्यातील स्थळांच्या यादीत होते. २००४ मध्ये त्या यादीतून त्याचे नाव निघाले.

आकडे काय सांगतात?

आता मुख्य हिशेबाकडे वळू. १९९३ साली कंबोडियात जेमतेम १ लाख १८ हजार परदेशी पाहुणे आले. २०१९ मध्ये हा आकडा ६६ लाखांवर गेला. सव्वीस वर्षांत पन्नास पटींहून अधिक वाढ! मग कोरोनाची साथ आली. २०२१ मध्ये दोन लाखही पाहुणे आले नाहीत. हॉटेले बंद, टुकटुक दाराशी उभ्या, हजारो तरुण पुन्हा शेतात किंवा थायलंडमध्ये मजुरीला. २०२३ मध्ये ५४ लाख आणि २०२४ मध्ये ६७ लाख असा आकडा पुन्हा चढला. २०१९ चा उच्चांक मोडला, म्हणून सरकारने समाधान व्यक्त केले.

परंतु शेजारचा रकाना पाहा. २०१९ मध्ये अंगकोरचे तिकीट घेणारे परदेशी पाहुणे सुमारे २२ लाख होते आणि तिकिटांचे उत्पन्न सुमारे ९ कोटी ९० लाख डॉलर. २०२४ मध्ये तिकीट घेणारे सुमारे १० लाख आणि उत्पन्न ४ कोटी ८० लाख डॉलरच्या जवळपास. म्हणजे २०१९ मध्ये देशात आलेल्या दर तिघांपैकी एक अंगकोरला येत होता, तर २०२४ मध्ये साडेसहा जणांतून एक. एकूण बेरीज भरून निघाली, अंगकोरची मात्र अर्ध्यावर राहिली.

याची कारणे उघड आहेत. २०१९ मध्ये २३ लाखांहून अधिक चिनी पाहुणे आले होते. २०२४ मध्ये ते निम्म्याहून कमी होते. त्यांची जागा थायलंड आणि व्हिएतनामच्या सीमेवरून रस्त्याने येणाऱ्यांनी घेतली. हे शेजारी दोन दिवस येतात, नातेवाईक, बाजार किंवा जुगाराचे अड्डे करतात आणि परत जातात. सीमेवरच्या जुगारघरात आलेला माणूसही 'पर्यटक' म्हणूनच मोजला जातो. पण त्याने सिएम रीपमधील शेवयावालीकडे एक वाटी शेवया खाल्ल्या नाहीत, की टुकटुकवाल्याला भाडे दिले नाही. नुसत्या डोक्यांच्या मोजणीवरून धंद्याची तब्येत कळत नाही, ती अशी.

नवे विमानतळ हीसुद्धा अशीच गोष्ट आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिएम रीपचे नवे आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाले. चिनी कंपनीने ५५ वर्षांच्या कराराने ते बांधले. वर्षाला ७० लाख प्रवाशांची सोय आहे. जुने विमानतळ शहराला लागून होते. नवे सुमारे ४० किलोमीटर दूर आहे. पूर्वी विमानतळावरून भाडे मिळवणारा टुकटुकवाला त्या अंतराने बाद झाला, भाडे बस आणि मोटारींकडे गेले. मोठी विमाने उतरू शकतात हा देशाचा फायदा आहेच. पण त्या फायद्यातून कोण गळाला, हेही लिहून ठेवले पाहिजे.

तिकिटातील दोन डॉलर

अंगकोरचे एका दिवसाचे तिकीट ३७ डॉलर, म्हणजे आपले तीन हजारांहून अधिक रुपये. तीन दिवसांचे ६२ डॉलर. २०१७ पूर्वी एका दिवसाला २० डॉलर पडत. स्थानिक नागरिकांना आणि बारा वर्षांखालील मुलांना प्रवेश फुकट आहे. तिकीटविक्री पूर्वी एका खासगी कंपनीकडे होती, २०१६ पासून ती सरकारी संस्थेकडे आली. हे चांगलेच झाले.

दरवाढीबरोबर एक तरतूद झाली, ती आपल्या वाचकांना आवर्जून सांगावीशी वाटते. प्रत्येक तिकिटातील दोन डॉलर कंथा बोफा या मुलांच्या इस्पितळांना जातात. स्वित्झर्लंडचे बालरोगतज्ज्ञ डॉ. बीट रिश्नर यांनी १९९२ मध्ये नॉम पेन्हमध्ये हे काम पुन्हा उभे केले. सिएम रीपचे इस्पितळ १९९९ मध्ये सुरू झाले. मुलांवर तेथे मोफत उपचार होतात. डॉ. रिश्नर शनिवारी संध्याकाळी स्वतः सेलो हे तंतुवाद्य वाजवून पर्यटकांपुढे झोळी पसरत. तरुणांकडे रक्त मागत आणि वडीलधाऱ्यांकडे पैसे. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

सिएम रीपच्या या इस्पितळाचे नाव काय असावे? जयवर्मन सातवा! आठशे वर्षांपूर्वीच्या १०२ आरोग्यशाळांची आठवण एका परदेशी डॉक्टरने जिवंत ठेवली. आमच्या गटातील काही जणांनी जादा देणगी दिली. त्यात एक पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या ताई होत्या. त्या म्हणाल्या, "मंदिर बघायला पैसे दिले, ते फिटले. हे माझ्याकडून."

आता हिशेब पाहा. २०२४ चे उत्पन्न विकलेल्या तिकिटांनी भागले, तर एका तिकिटामागे सरासरी सुमारे ४७ डॉलर येतात. त्यातले दोन इस्पितळाला. शंभर रुपयांत साधारण सव्वाचार रुपये. थोडे आहेत, पण कोठे गेले ते सांगता येते. उरलेल्या शंभरातील पंचाण्णवांबद्दलही असेच सांगता आले, तर त्या वाढीला धम्माची वाढ म्हणता येईल.

हलवलेली घरे

अंगकोरच्या परिसरात पिढ्यान् पिढ्या माणसे राहत आलेली आहेत. भातशेती, मंदिरांच्या दारात खाद्यपदार्थ, नारळपाणी, कपडे विकणे, यावर त्यांचे घर चालते. २०२२ च्या मध्यापासून सरकारने सुमारे १० हजार कुटुंबांना तेथून हलवण्याची मोहीम सुरू केली. त्यांतील बऱ्याच जणांना सुमारे २५ किलोमीटरवरील रुन ता एक येथे जागा दिली. कुटुंबामागे २० बाय ३० मीटरचा भूखंड, काही पत्रे आणि थोडी रोकड. घर ज्याचे त्याने बांधायचे.

सरकारचे म्हणणे असे, की ही वस्ती बेकायदा वाढली, तिच्यामुळे वारशाला धोका आहे आणि लोक आपखुशीने गेले. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये अहवाल काढला. लोकांवर दबाव होता, पुरेशी विचारपूस झाली नाही आणि ही सक्तीची हकालपट्टी आहे, असे त्यात म्हटले आहे. युनेस्कोनेही चिंता व्यक्त केली.

आमच्या टुकटुकवाल्याची बहीण अशीच रुन ता एकला गेलेली. ती पूर्वी मंदिराच्या दारात परतलेल्या शेवया विकत असे. घर आणि हातगाडी यांत हाकेचे अंतर होते. आता सकाळी येण्याचा आणि संध्याकाळी परतण्याचा पेट्रोलखर्चच कमाई खातो, म्हणून तिने धंदा सोडला. जागा मोठी आहे ना, असे आमच्यातील एकाने विचारले. तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "जागा मोठी आहे, गिऱ्हाईक नाही."

हे वाक्य समजायला आपल्या वाचकांना कोणाच्या मदतीची गरज नाही. मुंबईत झोपडपट्टी तुटताना आणि पुनर्वसन दूरच्या वसाहतीत होताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. छप्पर मिळते, पण कामधंद्याची जागा, मुलांची शाळा आणि शेजार हातचे जातात. वारसा जपलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण ज्या बायोनच्या भिंतीवर बाजारातल्या बाईला मानाने कोरले, तिच्याच वारशासाठी जिवंत बाजारातल्या बाईला दूर करावे, हा विचार मनाला पटत नाही.

पुढचा रस्ता

कंबोडियाच्या पर्यटनाला वाव आहे का? निश्चित आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता ते सिएम रीप अशी थेट विमानसेवा सुरू झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये राजधानीजवळ तेचो हे नवे मोठे विमानतळ सुरू झाले. भारतातील बौद्ध यात्रेकरू वाढले, तर ते मंदिरांकडे येतील, जुगारघराकडे जाणार नाहीत.

पण वाटेत तीन मोठे खड्डे आहेत.

पहिला युद्धाचा. जुलै २०२५ मध्ये आणि पुन्हा डिसेंबरमध्ये थायलंड आणि कंबोडिया यांच्यात सीमेवर लढाई झाली. दोन्ही बाजूंची लाखो माणसे घर सोडून पळाली. जून २०२५ मध्येच सीमेवरील रस्ते बंद होऊ लागले होते आणि त्या वर्षी पाहुण्यांचा आकडा घसरला. भांडण जुन्या ख्मेर मंदिरांच्या आसपासच्या जमिनीचे आहे. प्रेआ विहेअर मंदिर कंबोडियाचे, असा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ मध्येच दिला होता. दोन्ही देश बौद्ध, दोन्हीकडचे सैनिक पंचशील घेतलेले, आणि तोफा मंदिरासाठी! तथागतांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडणाऱ्या शाक्य आणि कोलियांना विचारलेला प्रश्न तेथे पुन्हा विचारण्यासारखा आहे : पाण्याचे मोल अधिक, की माणसाच्या रक्ताचे?

दुसरा खड्डा फसवणुकीच्या अड्ड्यांचा. सिहानूकव्हिलसारख्या ठिकाणी जुगारघरांच्या पाठोपाठ संगणकावरून लोकांना लुबाडणाऱ्या टोळ्या वसल्या. चांगल्या पगाराची नोकरी सांगून परदेशातील तरुणांना आणायचे, पासपोर्ट काढून घ्यायचा आणि कोंडून फसवणुकीचे काम करून घ्यायचे, अशी पद्धत. अशा प्रकारांत अडकलेल्या सुमारे २५० भारतीयांना सोडवून परत आणल्याचे भारत सरकारने २०२४ मध्ये सांगितले. चिनी पर्यटक कमी होण्यामागे या टोळ्यांची धास्ती हेही एक कारण आहे. आपल्या वस्तीतील शिकलेल्या, बेकार मुलांना कोणी कंबोडियात 'डाटा एन्ट्री'ची नोकरी देऊ करत असेल आणि पर्यटक व्हिसावर चल म्हणत असेल, तर आई-वडिलांनी तेथेच नकार द्यावा. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणारा दलाल सरकारकडे नोंदलेला आहे का, हे आधी तपासावे.

तिसरा खड्डा दयेच्या बाजाराचा. पर्यटक अनाथाश्रम पाहायला येतात आणि देणगी देतात, हे कळल्यावर कंबोडियात २००५ ते २०१० या काळात अशा संस्था सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. युनिसेफने पाहणी केली, तेव्हा त्यांतील चारपैकी साधारण तीन मुलांची आई किंवा वडील जिवंत असल्याचे दिसले. गरिबाचे मूल पाहुण्यांपुढे उभे करण्यासाठी घरापासून तोडले गेले. दान हा आपला पहिला संस्कार आहे, पण दान डोळसपणे करण्याची शिकवणही तथागतांचीच आहे.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

आपल्यापैकी बरीच कुटुंबे भिशी लावून, पै-पै जमवून बौद्ध देशांच्या यात्रेला जातात. कंबोडियाला जाणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कोरडा, सुसह्य काळ. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत, नाहीतर अंगकोर वाटच्या वरच्या मजल्यावर सोडत नाहीत. मोठ्या हॉटेलाऐवजी स्थानिक कुटुंबाच्या अतिथिगृहात उतरावे, जेवण बाजारातील बाईकडे घ्यावे, वाटाड्या आणि टुकटुक तेथलीच घ्यावी. शाळेच्या वेळेत वस्तू विकणाऱ्या लहान मुलांकडून काही घेऊ नये. विक्री झाली की शाळा सुटते. अनाथाश्रमाची सहल नको. त्याऐवजी मुलांच्या इस्पितळाला देणगी द्यावी. आणि ता केओजवळच्या त्या आरोग्यशाळेच्या प्रार्थनागृहापाशी गाडी थांबवून दोन मिनिटे उभे राहावे.

राजकीय लोकशाही सामाजिक आणि आर्थिक समतेवाचून टिकत नाही, हे बाबासाहेबांनी १९४९ साली संविधान सभेत बजावले होते. देशाच्या उत्पन्नालाही तोच नियम लागू आहे. कंबोडिया ६७ लाखांचे एक कोटी पाहुणे करू शकेल. रस्ते, विमाने, हॉटेले सगळे तयार आहे. पण रुन ता एकच्या शेवयावालीला पुन्हा गिऱ्हाईक मिळाले, तिच्या आजारी नातवाला फुकट औषध मिळाले आणि सीमेवरच्या शेतकऱ्याला रात्री घरात झोप लागली, तरच त्या कोटीला अर्थ आहे. जयवर्मनची मंदिरे पाहायला जग जाते. त्याच्या १०२ आरोग्यशाळांचे माप मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहते. आपण बौद्ध म्हणून जाऊ, तेव्हा तेच माप बरोबर न्यावे.

जयभीम!